३१ नवऱ्या आणि थकलेलं भाडं: राजारामपुरीतल्या एका पार्लरचं प्रकरण

२०२४ च्या गणपती विसर्जनाला दोन दिवस झाले होते. पितृपक्ष लागला होता आणि राजारामपुरीच्या रस्त्यावर मांडवांचे बांबू उतरवणं चालू होतं. ताई एक कापडी पिशवी घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. पिशवीतून तीन लाँगबुकं निघाली, रबर लावलेला बिलांचा गठ्ठा निघाला, बँकेचं पासबुक निघालं, आणि सगळ्यात शेवटी, जरा अंग चोरून, एका पतसंस्थेची सोनेतारणाची पावती.

"दोन महिन्याचं भाडं थकलंय. मुद्राचा हप्ता परत गेला. आणि सीझनला मी ३१ नवऱ्या केल्या, दादा. एवढ्या कधीच केल्या नव्हत्या. मग पैसा गेला कुठं, तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

(कोल्हापूरच्या बायका 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.)

मी छोट्या धंद्यांचे हिशेब बघतो. किराणा, झेरॉक्स, दोन-तीन खानावळी, एक फाउंड्रीला पॅटर्न पुरवणारा. पार्लर हे माझ्यासाठी पहिलंच. त्यामुळे पुढे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी मी ताईंना शिकवल्या नाहीत, त्यांनीच मला शिकवल्या. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नाव नको म्हणाल्या, म्हणून नाव नाही. आकडे त्यांच्या वहीतलेच, फक्त गोल केलेले.

मागची थोडी हकीकत

ताईंचं पहिलं दुकान शाहूपुरीत होतं, भाडं आताच्या निम्मं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी आत आलं. खुर्ची, आरसा, खालच्या कप्प्यातला सगळा माल गेला. सावरताहेत तोवर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. सलून उघडायला परवानगी मिळाली ती जूनच्या अखेरीस, तीही आधी फक्त केस कापण्यापुरती. मग जुलै २०२१ मध्ये परत पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. ताईंना त्यापुढचं गणित पाठ होतं, कितव्या फुटाला पाणी आपल्या पायरीला लागतं ते. दुसऱ्या पुरानंतर त्यांनी शाहूपुरी सोडली आणि उंचावर, राजारामपुरीत आल्या. दोनशे-सव्वादोनशे चौरस फूट, दोन खुर्च्या, एक हेडवॉश. त्यासाठी मुद्रा योजनेतून किशोर गटातलं कर्ज काढलं.

म्हणजे भाडं जास्त आहे ते हौसेपोटी नाही, पाण्यापोटी आहे. हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. त्याचा पुढे मला फटका बसला.

ताईंचा हात मुळात केसांवरचा. मालिकांच्या चित्रीकरणावर काम केलेल्या एका वयस्क रंगभूषाकारांकडे त्या उमेदवारीला होत्या. तिथं त्यांना आधी केसच दिले गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर २०१४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत संघटनेच्या नियमाने बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्डच मिळत नव्हतं, हेअरड्रेसर म्हणूनच काय ते. बाईनं केस करावेत आणि तोंडाला रंग पुरुषाने लावावा, ही वाटणी कोल्हापुरापर्यंत मुरलेली होती. ताईंचा खोपा आणि अंबाडा दिवसभर हलत नाही. नऊवारी, मुंडावळ्या, नथ, कोल्हापुरी साज, डोक्यावर अक्षता, आणि रात्री नऊला गजरा काढला तरी पिना जागच्या जागी. पण त्यांच्या दरपत्रकात केसांना वेगळी किंमतच नव्हती. 'ब्रायडल मेकअप पॅकेज' म्हणायचं आणि केस त्यात धरायचे. आम्ही घड्याळ लावून बघितलं तेव्हा कळलं की पहाटेच्या तीन तासांतला जवळपास निम्मा वेळ केसांचाच होता.

सहा महिने रिकामे

पैसा कुठं गेला याचं अर्धं उत्तर भिंतीवरच्या कालनिर्णयातच होतं.

चातुर्मासात लग्नं नाहीत, पौषात टाळतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. आषाढी ते कार्तिकी हे चार महिने दुकानावर काढायचे, हा हिशेब ताईंनी धरलेलाच होता. २०२४ ला मात्र मे आणि जूनमध्ये शुक्राचा अस्त आला, त्यात मे महिन्यात गुरूही अस्ताला, आणि अस्तात मुहूर्त धरत नाहीत. शाळेच्या सुट्टीतला, हॉल मिळायची मारामार असणारा मे महिना सुना गेला. गौण काळाचा मुहूर्त काढून काही जणांनी लग्नं उरकली, पण ती मोजकी. जुलैत आषाढी १७ तारखेला. त्याआधी तीन ऑर्डरी मिळाल्या. नंतर थेट १२ नोव्हेंबरची कार्तिकी आणि तुळशीचं लग्न.

सरळ बोलायचं तर मे ते मध्य नोव्हेंबर, साडेसहा महिने. तयारी चार महिन्यांची.

दुकानाचा दरमहाचा बांधील खर्च असा निघाला: भाडं ११,०००, वीज २,२००, मदतीच्या मुलीचा पगार १०,०००, टॉवेल धुणं, चहा, फोन वगैरे १,८००. झाले २५,०००. वर कर्जाचा हप्ता ४,४००. लग्नं नसलेल्या महिन्यात दुकानाचा गल्ला २०,००० च्या आसपास, त्यातून माल वजा केला की हातात १५,०००. दर महिन्याला १४,४०० ची तूट. मे ते सप्टेंबर पाच महिन्यांत ७२,०००.

मग सीझनचा पैसा? ३१ ऑर्डरी, प्रत्येकी १२,०००, म्हणजे ३,७२,०००. एवढी रक्कम पाच महिन्यांत हातातून जाते तेव्हा माणसाला आपण श्रीमंत आहोत असं वाटायला लागतं. एअरब्रशचं मशीन आलं, पुण्याला तीन दिवसांचा वर्ग झाला, पोराची फी गेली, आणि एप्रिलमध्ये गुजरीतून सव्वा तोळ्याची ठुशी आली. तीच ठुशी ऑगस्टमध्ये पतसंस्थेत गेली. त्यावर मी काही बोललो नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरी नटवणाऱ्या बाईने स्वतःसाठी एक ठुशी घेतली, यात उधळपट्टी शोधायला मी बसलो नव्हतो.

खरं दुखणं ठुशीत नव्हतंच. ते त्या १२,००० मध्ये होतं.

'जरा'

एका ऑर्डरीचा खर्च आम्ही वहीतून आणि आठवणीतून काढला. फाउंडेशन, प्रायमर, पापण्या, सेटिंग स्प्रे, हेअरस्प्रे, पिना मिळून १,४००. गाडी सरासरी १,१००. मदतीच्या दोघींची त्या दिवसाची मजुरी १,२००. गजरे, नाश्ता, सुटं ३००. एकूण ४,०००. उरले ८,०००.

ऐकायला बरं वाटतं. आता तास मोजू. अक्षता साडेबाराला असतील तर ताई पहाटे साडेचारला घर सोडतात. नवरीचे केस, मेकअप, नऊवारी, दागिने. अक्षता पडल्या की जेवण, की संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी दुसरा लूक: नऊवारी उतरवायची, शालू किंवा घागरा, खोपा सोडून मोकळे केस. मधले चार तास हॉलच्या खोलीत कूलरखाली बसून. घरी यायला रात्रीचे नऊ. गोल करून सोळा तास. आधी ट्रायलचे दोन. अठरा तासांत ८,०००, आणि त्या दिवशी दुकानाचं शटर बंद. मुहूर्ताच्या दिवशी दुकान उघडं असतं तर माल वजा जाता २,००० सहज सुटले असते, कारण लग्नाला जाणाऱ्या बायकाही त्याच दिवशी साडी-केसांसाठी दार वाजवतात. ६,००० भागिले १८. तासाला ३३३ रुपये.

शेजारी आम्ही एक साधं काम मांडलं. केसांच्या मुळांना रंग लावायचे ७००, माल १८०, वेळ सव्वा तास. तासाला ४१६. त्यातली पस्तीस मिनिटं रंग मुरण्याची, तेवढ्यात दुसरीच्या भुवया होतात.

ताई बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिल्या. "म्हणजे देशपांडे गल्लीतल्या म्हाताऱ्या मला नवऱ्यांपेक्षा जास्त देतात व्हय?" मी म्हटलं, तासाला देतात, फक्त तशा आठ म्हाताऱ्या रोज येत नाहीत. दुकानातले निम्मे तास रिकामेच जातात, हे धरलं पाहिजे. तरीही चित्र उलटं झालं होतं. इतके दिवस नवरी हा धंदा आणि दुकान हा टाइमपास, असं त्या धरून चालल्या होत्या.

आणि ८,००० सुद्धा पूर्ण नव्हते. वहीत न लिहिलेली एक गोष्ट ताई बोलता बोलता सांगून गेल्या. नवरी तयार होत आली की आई येते: "माझं जरा केसाचं बघा की." करवली येते: "ताई, जरा लायनर." काकू येते: "नऊवारीचा काष्टा जरा सैल झालाय." आत्या नुसती येऊन उभी राहते, तिचं 'जरा' न बोलता कळतं. लग्नघरात नाही कसं म्हणायचं? शेवटच्या दोन ऑर्डरी आठवून मी ताईंच्या मदतीच्या मुलीला कागदावर रेघा मारायला सांगितल्या. एका लग्नात पाच 'जरा', दुसऱ्यात सात. वेळ सव्वा तास आणि जवळजवळ दोन तास. यातला एकही रुपया कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हता.

फेब्रुवारीतला एक दिवस

वहीत फेब्रुवारी २०२४ मधल्या एका तारखेपुढे लाल शाईने फुली होती. त्या दिवशी दोन ऑर्डरी घेतल्या होत्या. एक कोल्हापुरात दुपारच्या अक्षतांची, दुसरी जयसिंगपुरात गोरज मुहूर्ताची. चाळीसेक किलोमीटर. कागदावर बसत होतं.

पहिल्या लग्नात वराची मिरवणूक लांबली, साडेबाराच्या अक्षता दीडला पडल्या. मग फोटोवाल्याने नवरा-नवरीला तासभर उन्हात फिरवलं आणि घामाने सगळं वितळलं. दुसऱ्या लूकसाठी मदतीच्या मुलीला मागे ठेवून ताई निघाल्या, पण सांगली रस्त्याला गाडी अडकली. जयसिंगपूरला पोचल्या तोवर नवरीच्या मावशीने नऊवारी नेसवून टाकली होती, आणि नवरी आरशासमोर रडत बसली होती. रडलेल्या डोळ्यांवर काजळ धरत नाही. ताईंनी बर्फ मागवला, वीस मिनिटं डोळ्यांखाली नुसता बर्फ फिरवला आणि उरलेल्या अर्ध्या तासात जमेल तेवढं केलं. त्या घराने निम्मे पैसे दिले. इकडे कोल्हापूरच्या घराचीही तक्रार: "तुम्हाला ठरवलं होतं, पोरीला नाही."

"दोन्ही घरचं बोलणं बरोबर होतं," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी मी दोन्हीकडं अर्धा होतो."

माझा चुकलेला सल्ला

हे सगळं बघून माझ्या डोक्यात जे उत्तर आलं ते कुठल्याही हिशेबनिसाच्या आलं असतं. दुकान सोडा. ११,००० भाडं, १०,००० पगार, वीज, सगळं वाचतं. घरातल्या एका खोलीत आरसा लावा, फक्त ऑर्डरी घ्या, दर वाढवा. इन्स्टाग्राम आहेच. मी कागदावर नीट आकडेमोड करून दिली, आणि ती चूक नव्हती. त्यात धंदा तेवढा नव्हता.

ताईंनी तिसरं लाँगबुक उघडून माझ्यापुढे सरकवलं. प्रत्येक नवरीच्या नावापुढे त्यांनी एक शब्द लिहून ठेवला होता: कुणाकडून. मी तो रकाना बघितलाच नव्हता. आम्ही ३१ नावं मोजली. १९ मुली दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या नात्यातल्या होत्या, कुणाची पुतणी, कुणाची नात, कुणाच्या भाडेकरूची बहीण. ६ आधी केलेल्या नवऱ्यांच्या बहिणी-मैत्रिणी. फोटोवाल्याकडून २. आणि ज्याच्यासाठी रिंगलाइट, रील बनवणारा पोरगा आणि रात्रीचा एक तास जात होता, त्या इन्स्टाग्रामवरून ४.

"मी दुकान सोडतो व्हय? मग त्या बायका मला बघणार कुठं?"

महिन्याला एकदा मुळं रंगवायला येणारी पासष्टीची बाई खुर्चीत सव्वा तास बसते. त्या वेळात ती ताईंना घरातलं सगळं सांगते: कुणाचं जमतंय, पत्रिका कुठं अडली, साखरपुडा कधी. लग्न ठरायच्या आधी ताईंना तारीख कळते. आणि ठरलं की तीच घरात म्हणते, "आमच्या पार्लरवालीला सांगू की." इतके दिवस आपण ज्याला भाडं म्हणत होतो त्यातलं बरंचसं जाहिरातीत धरायला हवं होतं. मी माझा कागद फाडला. मला वाटतं, सल्लागाराने निदान एकदा तरी गिऱ्हाइकाच्या दुकानात कोपऱ्यात बसून दुपार काढावी, मगच तोंड उघडावं. मी ते नंतर केलं.

काय बदललं

तुळशीच्या लग्नापर्यंत सात-आठ आठवडे हातात होते. ताईंनी दोन डायऱ्या केल्या, एक दुकानाची, एक ऑर्डरींची. एका तारखेला एकच नवरी. मुहूर्ताच्या दिवशी दुकान उघडं राहणार, ते मदतीची मुलगी चालवणार, आणि त्या दिवशीच्या गल्ल्यातले ३० टक्के पगाराशिवाय तिचे. भुवया, केस कापणं, मुळं रंगवणं एवढंच तिने करायचं; स्मूदनिंग वगैरे ताई असतानाच.

दर बदलायला त्या सगळ्यात जास्त घाबरल्या. 'पॅकेज' हा शब्द काढला. एकच लूक घ्यायचा तर १२,०००, अक्षता पडल्या की ताई मोकळ्या. दोन लूक १७,०००. शहराबाहेर गाडीभाडं वेगळं. आणि 'जरा' साठी छापील दर: नऊवारी नेसवणं ८००, केस ६००, हलका मेकअप १,५००. हा कागद ट्रायलच्या दिवशीच नवरीच्या आईच्या हातात द्यायचा, लग्नाच्या सकाळी नाही. हे महत्त्वाचं निघालं. पहाटे पाचला हॉलमध्ये पैशाचं बोलणं म्हणजे भांडण. पंधरा दिवस आधी दुकानात चहा घेताना तेच बोलणं म्हणजे यादी. नऊवारी नेसवायला एक मावशी जोडून घेतल्या, नेसवण्याचे पैसे पूर्ण त्यांचे. ताईंच्या हातातले सव्वा ते दोन तास असे सुटले.

आगाऊ रक्कम पूर्वी हजार रुपये, तीही "देऊ की" वर. आता ३० टक्के, यूपीआयने, आणि तारीख, वेळ, हॉल, लूक लिहिलेला एक निरोप व्हॉट्सअपवर. समोरून होकार आला तरच तारीख धरायची. लग्न मोडलं तर रक्कम परत नाही. सुतक पडून लग्न पुढे गेलं तर तीच रक्कम एकदा पुढच्या तारखेला वळती. सुतकाचं कलम ताईंनी स्वतः घातलं. मला ते सुचलं नसतं.

आणि दुसऱ्या एका बँकेत खातं, ज्याला ना कार्ड ना यूपीआय. प्रत्येक ऑर्डरीतून ३,५०० तिथं. पासबुकावर ताईंनी स्केचपेनने लिहिलं: चातुर्मास.

सरकारी बाजू पटकन उरकली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले तर नोंदणी लागत नव्हती, नुसती सूचना द्यावी लागत होती, ती दिली. उद्यम नोंदणी आधारवर, फुकट. त्यासाठी ताईंकडे कुणीतरी दीड हजार मागितले होते. विवरणपत्र भरायला लावलं. कर बसत नव्हता, पण पुढचं कर्ज मागताना बँक तेच बघते.

पुढचा सीझन

तुळशी विवाह २०२४ ते आषाढी २०२५ या काळात ऑर्डरी झाल्या २४. त्यातल्या १७ दोन लूकच्या, ७ एका लूकच्या. एकूण ३,७३,०००. आदल्या वर्षीपेक्षा बरोबर एक हजार जास्त, सात पहाटा कमी. 'जरा'चे ५१,००० वेगळे, त्यातले २२,००० मावशींचे. मुहूर्ताच्या दिवशी उघडं राहिलेल्या दुकानाचा गल्ला वर. चातुर्मासाच्या खात्यात ८४,०००. फेब्रुवारीत ठुशी सोडवली.

यावर लगेच टाळ्या वाजवू नयेत. २०२५ ला मे महिना पूर्ण हाती होता. आदल्या वर्षी तो नव्हता. म्हणजे ३१ वरून २४ ही घट दिसते त्यापेक्षा मोठी आहे. दर वाढल्यामुळे बऱ्याच जणी दुसरीकडे गेल्या. मे २०२४ सारखा परत एकदा बुडाला तर २४ च्या १६ होतील, आणि मग हे गणित बसेल का, मला खात्री नाही.

दोन गोष्टी बिघडल्याही. मार्चमध्ये ताई ऑर्डरीवर असताना दुकानात एक नवीन बाई आली, संध्याकाळी लग्नाला जायचं म्हणून घाईत. मुलीने पॅच टेस्ट न करता रंग लावला. रात्री कानामागे लाल चट्टे, खाज, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. काळ्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची काहींना अशी ॲलर्जी असते, म्हणून कानामागे थेंब लावून ४८ तास वाट बघायची असते. ताईंनी पैसे परत केले, डॉक्टरचं बिल भरलं. आता भिंतीवर पाटी आहे: नवीन गिऱ्हाइकाला त्याच दिवशी रंग नाही. ३० टक्क्यांच्या वाट्याने मुलीला उत्साह आला होता, पण 'नाही' म्हणण्याचं बळ त्यातून येत नाही. गल्ल्यावर वाटा ठेवला की माणूस गल्लाच वाढवणार. ती माझ्या योजनेतली फट होती.

दुसरी गोष्ट एका जुन्या गिऱ्हाइकाची. शाहूपुरीतल्या पुरानंतर ज्या बाईंनी स्वतः येऊन चिखल काढला, त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. ताईंनी नियमाप्रमाणे ३० टक्के मागितले. बाई काही बोलल्या नाहीत, नात दुसऱ्या पार्लरला गेली. माझं मत, तिथं नियम बाजूला ठेवायला हवा होता. नियम अनोळख्यांसाठी असतात. ताईंचं मत, एकीला सोडलं की गल्लीत संध्याकाळपर्यंत कळतं. यावर आमचं अजून जमलेलं नाही. बाई दिवाळीत मुळं रंगवायला परत आल्या. नातीचा विषय दोघींनीही काढला नाही.

ऑगस्टमध्ये मदतीची मुलगी सोडून गेली. कागलकडे घरीच पार्लर काढलं, जाताना थोडे फोन नंबरही घेऊन गेली. मी चिडलो. ताई नाही. "मीपण तसंच शिकलो आणि तसंच निघालो की." नवीन मुलगी हाताने चांगली आहे, पण अजून एकटी दुकान सांभाळत नाही. त्यामुळे २०२५ च्या डिसेंबरात तीन मुहूर्तांना शटर परत बंद होतं.

सप्टेंबरमध्ये एक गमतीचा भाग झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि सौंदर्यसेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. बातमी झाली आणि पंधरा दिवस प्रत्येक खुर्चीतून एकच प्रश्न: "दर कधी उतरवताय?" सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असली तर जीएसटीची नोंदणीच लागत नाही. ताईंची उलाढाल त्याच्या निम्मीही नाही. त्यांनी कुणाकडून १८ टक्के कधी घेतलेच नव्हते. हे सांगून पटेना, तेव्हा त्यांनी शाम्पूच्या बाटलीवरचा उतरलेला भाव दाखवून हेडवॉशचे वीस रुपये कमी केले. विषय संपला. हे मी सुचवलेलं नव्हतं.

चातुर्मास २०२५ चार महिन्यांचाच होता. खात्यातून ५७,६०० काढावे लागले, २६,००० च्या वर उरले. भाडं एकदाही थकलं नाही.

डिसेंबरच्या अखेरीस ताई नव्या वर्षाचं कालनिर्णय गुंडाळून घेऊन आल्या. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. सीझनचा गाभाच गेला. मी खात्यातल्या शिलकीवर आकडे मांडायला लागलो: चार महिन्यांऐवजी पाच धरले तर किती, ३,५०० चे ४,५०० करावे लागतील का, हप्ता आधी फेडावा की नको. ताईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या तीस दिवसांभोवती गोल केला.

"अधिकात लग्न नाही, पण जावयाला वाण आहे की. घरोघरी लेक-जावई जेवायला येणार, अनारसे, फोटो, सगळं. मेच्या पहिल्या आठवड्यात दारावर बोर्ड लावतो. जावई येणार म्हटल्यावर सासू केस रंगवल्याशिवाय राहत्या व्हय?"